सीएनजी गाडीत एफटी-८९१: रिग चांगली, टिकटिक गाडीची

यासूच्या एफटी-८९१ या हॅम रेडिओ सेटचे (रिगचे) स्पेसिफिकेशन इथे उतरवत बसत नाही. शंभर वॅट, एचएफ (म्हणजे शॉर्टवेव्ह) आणि ५० मेगाहर्ट्झ, आत अँटेना जुळवणारा ट्यूनर नाही, हे घेणाऱ्याला माहीतच असतं. गाडीत बसवल्यावर काय झालं ते लिहितोय, आणि त्यातलं बहुतेक सगळं एका टिकटिकीबद्दल आहे. ज्यांना फक्त रिगबद्दल वाचायचंय त्यांनी थेट शेवटाकडे जावं.

गाडी चार सिलिंडरची, पेट्रोल, वर बाहेरून बसवून घेतलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. घर घोडबंदर रोडला, ऑफिस महापेला. म्हणजे रोज माजिवडा, कळवा, विटावा, ऐरोली. गाडीत बसून काढलेला एवढा वेळ फुकट जाऊ नये, म्हणून तर एचएफ गाडीत आणलं. ४० मीटर बँडची हॅमस्टिक, म्हणजे गाडीवर लावायची काठीसारखी अँटेना, डिकीच्या माउंटवर, पॉवर थेट बॅटरीवरून, दोन्ही वायरींना फ्यूज. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा विचारही करू नका, पूर्ण पॉवरला ही रिग २३ अँपिअरपर्यंत खेचते.

पहिल्याच दिवशी सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळी ठरल्या वेळी बँडवर भेटतात तिथे, गेलो. इंजिन बंद असताना बँड स्वच्छ, लांबची स्टेशनंसुद्धा आरामात. चावी फिरवली आणि टकटकटकटक, सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटर एस-७ वर चिकटला. ॲक्सिलरेटर दाबला की टकटक दाट होते, सोडला की विरळ. २ मीटर बँडवर एफएमला याचा पत्ताही लागत नाही, कारण तिथला लिमिटर सिग्नलच्या लहरीची उंची कापून टाकतो. एसएसबीवर, म्हणजे एचएफवर बोलायच्या पद्धतीत, मात्र पलीकडचा माणूस त्या टकटकीखाली गाडला जातो.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात विचारलं तर त्याने लगेच पॉवर लाइनचा फिल्टर समोर ठेवला. घेतला नाही. आधी फुकटातल्या गोष्टी करून बघायच्या होत्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या होत नाहीत, तिथे लिफ्टची मोटर, एलईडी, कोणाचा तरी इन्व्हर्टर, सगळेच बँडवर हजर असतात. म्हणून रविवारी सकाळी गायमुखला खाडीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

इंजिन चालू ठेवून रिगमागची अँटेनाची केबल काढली. आवाज गायब. म्हणजे जे काही येतंय ते अँटेनातून येतंय, बॅटरीच्या वायरीतून नाही. पॉवर लाइनच्या फिल्टरचे पैसे तिथेच वाचले. मग केबल परत लावून, गाडी न्यूट्रलला उभी असताना रेस दिली आणि चावी बंद केली. इंजिन अजून फिरत असतानाच टकटक तुटली. अल्टरनेटरचा आवाज असता तर शिट्टीसारखा हळूहळू उतरत गेला असता. हा प्रयोग चालत्या गाडीत करू नका, स्टिअरिंग लॉक झालं तर रेडिओ राहील बाजूला.

याच वेळी पेट्रोलवर टाकून बघितलं. पेट्रोलवर एस-४, गॅसवर एस-७. एकच इंजिन, एकच आरपीएम. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं हे माहीत होतं, त्यामुळे आवाज वाढणार हेही मान्य. पण एस-मीटरवर एक घर म्हणजे ६ डेसिबल, तीन घरं म्हणजे १८. एवढा फरक मला पटेना.

एक शंका उरली होती, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची. तेही टकटकतात आणि तेही आरपीएमबरोबर वाढतात. ती गायमुख घाटाच्या उतारावर फिटली. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) इंधन तोडतो, म्हणजे इंजेक्टर बंद, पण ठिणगी पडतच राहते. उतरताना टकटक थोडी पातळ झाली, गेली नाही. चोर स्पार्क प्लगच्या बाजूलाच होता. (ट्रक पुढे नसताना तो घाट उतरायला मिळणं हा वेगळाच योग. आयडलवर उभं राहून ऐकायचं असेल तर घोडबंदरला हवा तेवढा वेळ मिळतो.)

प्लग काढले. माझ्या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, ठिणगीचं व्होल्टेज नेणाऱ्या लांब एचटी वायरी नाहीत. मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या वरच्या टोकाला, दुसरी मधल्या इलेक्ट्रोडला. रेझिस्टरवाला प्लग (आतला रेझिस्टर रेडिओतली टकटक दाबतो) असेल तर साधारण ५ किलोओहमच्या आसपास दाखवायला हवा. दाखवला सपशेल शून्य. चारही तसेच. एनजीकेच्या नंबरात बीपीआर६ईएसमधला 'आर' म्हणजे रेझिस्टर, बीपी६ईएसमध्ये तो नाही. माझ्या प्लगवर कुठेच 'आर' नव्हता. वर एका कॉइलच्या रबरी बूटमध्ये आतून पेन्सिलीने ओढल्यासारखी करडी रेघ होती. ठिणगी तिथून बाहेरच्या बाहेर पळत होती.

हे प्लग किट बसवणाऱ्या गॅरेजने घातलेले. बिलात 'गॅस स्पेशल प्लग' म्हणून ४ नगांचे पैसे लावलेले. गेलो. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, रेझिस्टरवाला टाकला तर करंट कमी होतो, मायलेज पडेल." म्हटलं, भाऊ, कंपनीतून आलेली गाडी रेझिस्टरच्या प्लगवरच धावत होती, तेव्हा कुठे पडलं? मग म्हणाला, जुने प्लग आम्ही फेकून दिले. मग म्हणाला, गाडीला प्रॉब्लेम नाही, तुमच्या रेडिओला आहे. अर्धा तास घालवून पैसे परत मिळाले नाहीत. रेझिस्टरचे चार प्लग आणि एक बूट स्वतः आणून घरी बदलले, गॅप गॅससाठी थोडा कमी, ०.८ मिमी ठेवला. आता गॅसवर एस-४. मायलेज तेवढंच आहे, हे त्या गॅरेजवाल्याच्या माहितीसाठी.

इथे थांबलो असतो, पण एस-४ सुद्धा कमकुवत स्टेशनला खातो. पुढचं काम पत्र्याचं. सायलेन्सरचा पाइप रबरी हँगरवर लोंबतो, एका टोकाला इंजिन, बाकी अधांतरी. इंजिनचा आवाज उचलून गाडीखाली पसरवणारी ती दुसरी अँटेनाच. बॉनेटही तसंच, बिजागरीत रंग आणि ग्रीस, विजेच्या दृष्टीने तुटलेलं. जुन्या आरजी-२१३ अँटेना केबलची तांब्याची जाळी सोलून चपट्या पट्ट्या केल्या, रंग खरवडून दातेरी वॉशर लावून बॉनेटचे दोन्ही कोपरे, डिकीचं झाकण आणि सायलेन्सर दोन ठिकाणी बॉडीला बांधले. पट्टी आखूड आणि रुंद हवी, लांब गोल वायरने एचएफवर उपयोग होत नाही. मीटर एस-२. खर्च जवळपास शून्य, आणि तेव्हा मी सगळ्यांना हेच करा म्हणून सांगत होतो.

आता ते मागे घेतो. पावसाळ्यात विटाव्याच्या पाण्यातून गाडी गेली की काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. गणपतीपर्यंत टकटक एस-४ वर परत. खाली वाकून बघितलं तर सायलेन्सरच्या पट्ट्या हिरव्यागार, होज क्लॅम्पखाली गंजाचा थर. नुसत्या तांब्याची जाळी बॉनेटखाली चालेल, गाडीखाली नाही. टिन केलेली जाळी आणि स्टेनलेस क्लॅम्प विकत आणले, जोडावर ग्रीस भरलं. दिवाळीपर्यंत एस-२ टिकून आहे.

रिगमधल्या नॉइज ब्लँकरबद्दलही मत बदललं. सुरुवातीला मला तो निकामी वाटत होता. लेव्हल वाढवली की जोरकस स्टेशन फाटायचं. तो प्रत्येक टकटकीला रिसीव्हर क्षणभर बंद करतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ८०० आरपीएमला सेकंदाला २७ च्या आसपास ठिणग्या, ३००० ला १००. प्रत्येक मोठी, तर ऐकण्यातली भोकंही मोठी. मूळ आवाज खाली आणल्यावर कमी लेव्हलला तोच ब्लँकर उरलेलं अलगद पुसतो. ऐरोलीकडे हाय टेन्शन लाइनखाली मात्र इंजिन बंद करूनही गुरगुर राहते, तिथे गाडीला दोष देऊ नये आणि तपासणीही करू नये.

मोबाइलचा स्वस्त चार्जर बदलला, एवढ्याने १४ मेगाहर्ट्झवरचा एक खरखरीत पट्टा गेला.

बाकी रिग. ऑडिओ गाडीत पुरेसा मोठा, रिसीव्हर ठणठणीत, उन्हात उभ्या गाडीत तापूनही त्रास दिलेला नाही. पुढचं पॅनेल वेगळं करायचं किट वेगळं विकत घ्यावं लागतं, मी घेतलं नाही, अख्खी रिग दोन सीटच्या मध्ये बसवली. मेन्यू चालत्या गाडीत चाळू नये. ट्यूनर नाही याचं एका बँडच्या हॅमस्टिकला काही वाटत नाही.

२० मीटरवर गॅसच्या इंजेक्टरची ती पातळ टकटक अजून ऐकू येते. किटच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) ३१ मिक्सचे फेराइट, म्हणजे वायरीतला रेडिओचा आवाज अडवणारे कडे, लावायचे आहेत, वायर दोन वेढे बसेल एवढ्या भोकाचे, कारण वेढे दुप्पट केले की अडथळा चौपट होतो. हार्नेस मोकळा करायला किटचं कव्हर काढावं लागेल, आणि ते त्या गॅरेजकडून करून घेणार नाही.