सासऱ्यांच्या पूर्वजांचा खोटा दाखला

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत माझ्या पणजोबांची सही मी लहानपणी पाहिली आहे. म्हणून लग्नानंतर अमेरिकेत मिलवॉकीला आल्यावर सासऱ्यांना त्यांच्या जर्मन पणजोबांचं गावही माहीत नाही, याचं फार वाईट वाटायचं. 'प्रशिया', म्हणजे जर्मनीतलं एक जुनं राज्य, एवढंच घरात ठाऊक. त्यांच्या ८०व्या वाढदिवसाला ते गाव शोधून द्यायचं ठरवलं आणि इंटरनेटवर सापडलेल्या एका वंशावळ-संशोधकाला ८५० डॉलर दिले. सगळे आगाऊ, थेट बँकेत.

त्याने आधी फोनवर तासभर घरातल्या आठवणी विचारून घेतल्या. नऊ दिवसांत फाइल आली: पोमेरेनियातलं एक गाव, तिथल्या सरकारी नोंदणी कचेरीचा १८५२चा जन्मदाखला, १८८१ची ब्रेमेन बंदराची प्रवासी यादी आणि 'आडनावाचं' रंगीत कुलचिन्ह. दाखल्यावरून बोट फिरवताना सासऱ्यांचे डोळे भरून आले. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. पुढच्या उन्हाळ्यात ते तिथे जाऊन आले आणि येताना बरणीत माती आणली.

नंतर वाचनालयात जुनं जर्मन हस्ताक्षर वाचणाऱ्या एका आजी भेटल्या. त्यांनी दाखल्यावरचं फक्त वर्ष पाहिलं आणि मान हलवली. प्रशियात सरकारी जन्मनोंद सुरू झाली ऑक्टोबर १८७४मध्ये. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. हॅम्बुर्ग बंदराच्या १८५०पासूनच्या प्रवासी याद्या टिकल्या आहेत, पण ब्रेमेनच्या त्या काळातल्या याद्या जागा नाही म्हणून तिथेच नष्ट केल्या गेल्या. कुलचिन्हही आडनावाला नसतं, एखाद्या ठरावीक घराण्याचं असतं. घरी येऊन फाइल पुन्हा वाचली. पणजोबांची लोहारकी, त्यांच्या आईचं नाव, धाकट्या भावाचा मृत्यू, सगळं आम्हीच त्याला फोनवर सांगितलेलं!

त्याचा फोन बंद. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत.

कुणाला पैसे द्यायचेच असतील तर आधी विचारा: कोणत्या चर्चची वही, कोणतं वर्ष, कितवं पान? आणि त्या पूर्ण पानाचा फोटो मागा. त्याहीआधी अमेरिकेतलेच कागद बघा. १९०६पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांवर बहुधा नुसतं देशाचं नाव असतं, पण जर्मन लोकांनी इथे उभारलेल्या चर्चच्या लग्नाच्या नि मृत्यूच्या नोंदींत कधीकधी गावही लिहिलेलं असतं. आम्हाला ते तसंच मिळालं, घरापासून दीड मैलावर, फुकट. गाव मेक्लेनबुर्गमधलं निघालं, म्हणजे प्रशियातलंसुद्धा नव्हे.

सासऱ्यांना आता एवढा प्रवास झेपत नाही.