स्पोर्ट मोडमध्ये बूस्ट खरंच वाढतो का? टर्बो गाड्यांमधल्या मोडची समोरासमोर तुलना

नॉर्मलमधून स्पोर्टमध्ये गेलं की तीच गाडी एकदम तरतरीत वाटायला लागते आणि बूस्टच्या, म्हणजे टर्बो इंजिनात जादा दाबाने भरतो त्या हवेच्या, मीटरचा काटाही पटकन वर चढतो. त्यावरून ‘स्पोर्टमध्ये ताकद वाढते’ असं सर्रास म्हटलं जातं. आजच्या बहुतेक टर्बो स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे खरं नाही. गिअर आणि आरपीएम तेच ठेवून पेडल तळाला टेकवलं, तर दोन्ही मोडमध्ये कमाल बूस्ट तेवढाच मिळतो. फरक पडतो तो बूस्ट किती लवकर येतो आणि किती पाय दाबल्यावर येतो यात. काही गाड्या मात्र मोडनुसार बूस्टची मर्यादाच बदलतात, तर काही ठरावीक सेकंदांपुरता जादा बूस्ट देतात. बटणावर तिन्हीकडे ‘स्पोर्ट’ असंच लिहिलेलं असतं, म्हणून आपल्यासमोरची गाडी कोणत्या प्रकारातली आहे हे घेण्याआधीच तपासायला हवं.

पेडलमधून टर्बोपर्यंत

आताच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर थेट थ्रॉटलला जोडलेला नसतो. पाय किती दाबला हे पेडलचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला सांगतो, ईसीयू त्याचा अर्थ ‘इतका टॉर्क हवा’ असा लावतो आणि तेवढ्या टॉर्कला लागणाऱ्या हवेनुसार थ्रॉटल, वेस्टगेट (टर्बोला जाणारा जादा एक्झॉस्ट बाजूला वळवणारा दरवाजा), इग्निशन आणि इंधन ठरवतो. मोड बदलला की बहुधा यातली पहिली पायरी, म्हणजे पेडलचा अर्थ बदलतो.

समजा दोन लिटरचं इंजिन आहे आणि त्याचा कमाल टॉर्क ४०० न्यूटन-मीटर आहे. पेडल ४० टक्के दाबलं तर नॉर्मलमध्ये ईसीयू १६० न्यूटन-मीटर मागेल, स्पोर्टमध्ये २६०. एवढ्या इंजिनाला १६० टर्बोच्या मदतीशिवायही जमतात, त्यामुळे बूस्टचा काटा शून्याच्या आसपासच राहतो. २६० साठी मात्र साधारण अर्धा बार बूस्ट लागतो, म्हणून काटा वर जातो. पेडल १०० टक्के दाबलं की दोन्हीकडे आकडा ४००. ताकद वाढली असं वाटतं, पण पेडलच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त टॉर्क ओतून ठेवलेला असतो, इतकंच.

दुसरा आणि माझ्या मते जास्त मोलाचा बदल गिअरबॉक्समध्ये होतो. ताशी ८० किलोमीटरला नॉर्मलमधला ऑटोमॅटिक सहाव्या गिअरमध्ये १,८०० ते १,९०० आरपीएमवर रेंगाळत असतो. तेव्हा एक्झॉस्टचा प्रवाह क्षीण असतो आणि त्यावर फिरणारं टर्बोचं चाक, म्हणजे टर्बाइन, संथ फिरत असतं. पाय दाबला की आधी गिअर खाली पडणार, मग टर्बाइन वेग घेणार, मग बूस्ट. स्पोर्टमध्ये तोच गिअरबॉक्स चौथा धरून ३,००० च्या वर थांबलेला असतो, टर्बाइन आधीच फिरतंय, त्यामुळे उशीर जवळपास दिसतच नाही. मॅन्युअल गाडीत हे काम आपण हाताने करतो. म्हणून मॅन्युअल घेणाऱ्याने स्पोर्ट मोडसाठी जादा पैसे मोजण्याआधी दोनदा विचार करावा.

| | इको | नॉर्मल | स्पोर्ट | ट्रॅक |
|---|---|---|---|---|
| अर्ध्या पेडलवर बूस्ट | अगदी कमी | मध्यम | बराच | बराच |
| गिअर | लवकर वरचा | इंधन वाचेल असा | खालचा धरून | जवळपास लिमिटरपर्यंत |
| पाय उचलल्यावर टर्बो | वेग गमावतो | वेग गमावतो | काही गाड्यांत फिरता ठेवतात | काही गाड्यांत फिरता ठेवतात |
| पूर्ण पेडलवर कमाल बूस्ट | काही गाड्यांत कमी | पूर्ण (अपवाद खाली) | पूर्ण | पूर्ण |

जिथे मोड खरोखर ताकद बदलतो

रेनो मेगान आरएस २६५ हे याचं स्वच्छ उदाहरण. गाडी सुरू केल्यावर नॉर्मलमध्ये २५० अश्वशक्ती आणि ३४० न्यूटन-मीटर. स्पोर्ट निवडला की २६५ आणि ३६०. म्हणजे नावातला आकडा नॉर्मलमध्ये मिळतच नाही. शिवाय इथे स्पोर्ट निवडताना स्थिरता नियंत्रणही सैल होतं. ओल्या रस्त्यावर पूर्ण ताकद हवी तर सैल नियंत्रणही पदरात घ्यावं लागतं. असं जोडलेलं बटण असेल तर ते निवडीत मोजायलाच हवं.

अबार्थ ५०० च्या १३५ अश्वशक्तीच्या गाडीत स्पोर्ट बटणाने टॉर्क १८० वरून २०६ न्यूटन-मीटर होतो आणि तो ४,५०० ऐवजी ३,००० आरपीएमलाच येतो. कमाल अश्वशक्तीचा आकडा मात्र तोच राहतो. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. जादा बूस्ट मधल्या पट्ट्यात दिला आणि वरच्या आरपीएमला काढून घेतला, तर कागदावरची कमाल ताकद हलत नाही, पण ओव्हरटेक करताना गाडी स्पष्ट जास्त ओढते. म्हणून माहितीपत्रकात फक्त अश्वशक्ती पाहून ‘मोडने काही फरक नाही’ असं ठरवू नका. टॉर्कच्या आकड्याशेजारची तळटीप वाचा.

ओव्हरबूस्टचं, म्हणजे थोड्या वेळापुरत्या जादा बूस्टचं, गणितही असंच. २००६ साली आलेल्या पोर्शे ९११ टर्बोमध्ये, म्हणजे ९९७ पिढीत, स्पोर्ट क्रोनो पॅकेज घेतलं असेल तर स्पोर्ट बटण दाबून पूर्ण पेडल दिल्यावर बूस्ट सुमारे ०.२ बारने वाढतो, तोही जास्तीत जास्त १० सेकंद. टॉर्क ६२० वरून ६८० न्यूटन-मीटर होतो, अश्वशक्ती ४८० वरच राहते. वेळेची मर्यादा उष्णतेमुळे घालावी लागते. जास्त दाबाने हवा जास्त तापते, ती गार करणारा इंटरकूलर तापतो, टर्बाइनवर येणाऱ्या वायूचं तापमान चढतं. दहा सेकंद धातू आणि इंटरकूलर ही उष्णता पोटात घेऊ शकतात, दोन मिनिटं नाही.

आता २० सेकंदांची दोन बटणं शेजारी ठेवून पाहा. ह्युंदाई एलांट्रा एनच्या ड्युअल क्लच गाडीत एन ग्रिन शिफ्टचं बटण २० सेकंदांसाठी ताकद २८० वरून २९० अश्वशक्ती करतं. टर्बो आलेल्या ९११ कॅरेराचं स्पोर्ट रिस्पॉन्स बटणही २० सेकंदच चालतं, पण कमाल ताकद वाढवत नाही. ते इंजिन आणि गिअरबॉक्स सर्वांत तत्पर स्थितीत आणून ठेवतं. पहिल्यात दहा अश्वशक्तींचा फायदा, म्हणजे साडेतीन टक्के. दुसऱ्यात शून्य, तरीही समोरचा ट्रक ओलांडताना दुसराच जास्त उपयोगी पडतो, कारण तिथे वेळ खाते ती टर्बोची आणि गिअरची वाट पाहण्यात.

एक अपवाद मोडशी संबंधित नाही, पण मोडची तुलना करताना गोंधळ त्यामुळेही होतो. फेरारी ४८८ जीटीबीचा ७६० न्यूटन-मीटर टॉर्क फक्त सातव्या गिअरमध्ये मिळतो. खालच्या गिअरमध्ये ईसीयू मुद्दाम कमी देतो, म्हणजे चाकं घसरत नाहीत आणि टॉर्क आरपीएमबरोबर चढत गेल्यासारखा वाटतो. गिअरनुसार बूस्ट कापणाऱ्या गाड्या बऱ्याच आहेत, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये मोडची तुलना करून काढलेला निष्कर्ष चौथ्यात खरा ठरेलच असं नाही.

पाय उचलल्यानंतरची दोन सेकंदं

वळणाआधी पाय उचलला की एरवी थ्रॉटल बंद होतो. टर्बाइनने फिरवलेल्या कंप्रेसरने दाबलेली हवा बंद दरवाजावर आदळते आणि रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह उघडून ती परत फिरवावी लागते. नळ्यांमधला दाब गेला, टर्बाइनचा वेगही गळाला, वळणातून बाहेर पडताना सगळं पहिल्यापासून. मोडचा खरा कस इथे लागतो.

९९१ पिढीच्या सुधारित ९११ टर्बोमध्ये डायनॅमिक बूस्ट आहे. पाय क्षणभर उचलला तर फक्त इंधन बंद होतं आणि थ्रॉटल उघडाच राहतो. हवा वाहत राहते, दाब टिकतो, पुन्हा पाय दिला की ताकद लगेच हजर. हे नॉर्मलमध्येही होतं, पण स्पोर्ट आणि स्पोर्ट प्लसमध्ये जास्त ठळक. फोर्ड जीटीमध्ये असाच अँटी-लॅग (टर्बोचा उशीर टाळणारी यंत्रणा) स्पोर्ट मोडला जोडलेला आहे. रॅलीच्या गाड्यांतला अँटी-लॅग वेगळा. तिथे इग्निशन उशिरा देऊन इंधन एक्झॉस्टमध्ये जाळतात, टर्बाइन आणि मॅनिफोल्डचं आयुष्य त्यात झपाट्याने सरतं. कारखान्यातून आलेला थ्रॉटल उघडा ठेवणारा प्रकार टर्बोला तसा मारक नाही. मागाहून बसवलेल्या ट्यूनमध्ये ‘अँटी-लॅग’ लिहिलं असेल तर तो यातला कोणता, हे विचारल्याशिवाय हात लावू नका.

स्पोर्ट लावूनही गाडी मंद का होते

सगळ्यात आधी उष्णता. इंजिनात जाणारी हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली तर त्याच बूस्टला हवेचं वजन सुमारे ९ टक्क्यांनी घटतं. त्यावर नॉकिंग (इंधन अवेळी आपोआप पेटणं) टाळायला ईसीयू इग्निशन मागे घेतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर बूस्टही उतरवतो. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीत गाडी ‘झोपते’ ती यामुळे. मोड कितीही आक्रमक असला तरी ही मर्यादा त्याच्या वरची आहे. अशा वेळी एक फेरी नॉर्मलमध्ये, वरच्या गिअरमध्ये, वारा खेळता ठेवून काढणं हाच उपाय.

इंधनही असंच. इंजिन ९८ ऑक्टेनसाठी ट्यून केलेलं असेल आणि टाकीत ९५ असेल, तर स्पोर्टमध्ये पूर्ण पेडलवर इग्निशन मागे जाणारच. थंड ऑइलवर अनेक गाड्या बूस्ट आणि आरपीएम दोन्ही रोखून धरतात. कूलंटचा काटा मधोमध आला तरी ऑइलला आणखी काही मिनिटं लागतात, म्हणून ऑइल ८० अंशांच्या पुढे गेल्यावरच पूर्ण पाय द्या.

याशिवाय हवेची गळती. इंटरकूलरच्या नळीचा क्लॅम्प सैल असेल तर अर्ध्या बारला ती कळतही नाही. दाब वाढला की नळी तोंडाशी फुगते आणि हवा सुटते. परिणामी नॉर्मलमध्ये गाडी ठीक आणि स्पोर्टमध्ये दम तुटतो. गाडीच्या संगणकात बिघाडाचा कोड बहुधा पी०२९९ येतो, म्हणजे बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी. टर्बो बदलायला निघण्याआधी नळ्यांच्या जोडांवर ऑइलचा ओलसर डाग दिसतो का ते पाहा आणि धुराची किंवा दाबाची गळती चाचणी करून घ्या.

स्वतः तपासायचं असेल तर

ओबीडी अडॅप्टरवर (गाडीच्या निदान सॉकेटला लावून संगणकातले आकडे वाचणारं उपकरण) पाच गोष्टी नोंदवा: आरपीएम, पेडलची टक्केवारी, मॅनिफोल्डचा दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग. बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागीच धावते ठेवून ताकद मोजणारं यंत्र) तिसरा किंवा चौथा गिअर हाताने धरून २,००० ते ६,००० आरपीएम पूर्ण पेडल. प्रत्येक मोडमध्ये तीनदा, मोड आलटून पालटून, आणि दोन धावांमध्ये हवेचं तापमान पाच अंशांच्या आत येईपर्यंत थांबून. मग हेच ४० टक्के पेडलवर करा. ऑटोमॅटिकमध्ये पेडलच्या तळाशी किकडाउनचा, म्हणजे गिअर खाली पाडणारा, खटका असेल तर तो लागू देऊ नका, नाहीतर गिअर बदलून धाव वाया जाते.

इथे एक गफलत हमखास होते. ओबीडीतला मॅनिफोल्ड दाब निरपेक्ष असतो, म्हणजे त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला असतो. २०० किलोपास्कल दिसले तर समुद्रसपाटीला बूस्ट सुमारे १ बार, २ नव्हे. आणि या सर्वसाधारण वाचनाचा आकडा २५५ च्या पुढे जातच नाही. गाडीचा बूस्ट १.५५ बारपेक्षा जास्त असेल तर दोन्ही मोडचे आलेख वर जाऊन एकाच सपाट रेषेत अडकतात आणि ‘फरक नाही’ असं वाटतं. अशा वेळी त्या कंपनीचं वाचन दाखवणारं ॲप किंवा स्वतंत्र गेज लागतं.

मग कोणती घ्यावी

रोजचा शहरी वापर आणि अधूनमधून मोकळा रस्ता असेल तर फक्त पेडल आणि गिअर बदलणारी गाडी पुरेशी आहे, किंबहुना सोयीची. नॉर्मलमध्ये पेडल शांत राहतं आणि गरज पडली की पूर्ण ताकद पायाखाली असतेच, बटण शोधावं लागत नाही. घाटवळणं आवडत असतील तर कमाल बूस्टच्या आकड्यापेक्षा पाय उचलल्यावर दाब टिकवणारी यंत्रणा आहे का ते विचारा. ओव्हरबूस्ट ट्रॅकसाठी निवडीचं कारण ठरू नये, तिथे मोठा इंटरकूलर आणि ऑइल कूलर जास्त कामाला येतात.

आणि प्रत्येक वेळी ‘इंडिव्हिज्युअल’ मोड आहे का ते पाहाच. इंजिन आणि गिअरबॉक्स स्पोर्टमध्ये, सस्पेन्शन नॉर्मलमध्ये, स्थिरता नियंत्रण पूर्ण चालू, ही जुळणी खडबडीत रस्त्यावर तयार स्पोर्ट मोडपेक्षा वेगवान ठरते, कारण चाकं जमिनीला धरून राहतात आणि आलेला बूस्ट खरोखर रस्त्यावर उतरतो. टेस्ट ड्राइव्हला ही जुळणी करा, इग्निशन बंद करून पुन्हा सुरू करा, आणि ती टिकते की गाडी परत नॉर्मलवर जाते ते बघा. बहुतेक गाड्या परत जातात.