हीट पंपाच्या नावाखाली दोन किलोवॅटची कॉईल

कोल्हापुरातल्या फुलेवाडीत आमचं घर, घरात सात माणसं. आई ब्याऐंशी वर्षांची, तिला बारा महिने कढत पाणी लागतं. गच्चीवर जुना सोलर होता, पण जूनमध्ये एकदा पावसानं धरलं की सप्टेंबरपर्यंत उन्हाचा भरवसा नाही. ते चार महिने गॅसवर पातेली चढायची. म्हणून विजेवर पाणी तापवणाऱ्या हीट पंप मशीनबद्दल ऐकल्यावर ते मनात भरलं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये शहरात घरबांधणीच्या सामानाचं प्रदर्शन लागलं होतं. तिथल्या एका स्टॉलवरच्या तरुणानं मला जे शास्त्र सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं, आणि त्यामुळंच मी फसलो. हीट पंप उष्णता तयार करत नाही; फ्रिज जशी आतली उष्णता बाहेर टाकतो तशी हा हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसरला. एक युनिट वीज जाळली तर पाण्याला तीन-साडेतीन युनिटांची उष्णता मिळते, त्याला सीओपी म्हणतात. त्यानं कागदावर हिशोबही मांडला: २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साध्या गिझरला सात युनिटं लागतात, ह्याला दोन. मी साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होतो, आकडे मला कळतात. घरी येऊन हिशोब पडताळला, बरोबर निघाला. मशीन मात्र पडताळलं नाही.

किंमत १,०१,००० रुपये. जुना सोलर काढून नेण्याचे ५,००० वजा. उरलेल्या ९६,००० पैकी ४०,००० मी यूपीआयनं दिले आणि मशीन बसल्यावर ५६,००० रोख, कारण "काका, रोख दिलंत तर जीएसटी वाचवून देतो" असं तो म्हणाला. हातात आला तो 'एस्टिमेट' लिहिलेला गुलाबी कागद. वर, पीएम सूर्यघर योजनेतून ३०,००० रुपये अनुदान खात्यावर येईल म्हणून आधार, पासबुक आणि लाइट बिलाच्या झेरॉक्स घेऊन गेला. ती योजना छतावर वीज तयार करणाऱ्या सोलर पॅनलसाठी आहे, पाणी तापवायच्या मशीनचा तिच्याशी काही संबंध नाही. हे मला नंतर कळलं.

मशीन फेब्रुवारीत बसलं. पाणी छान तापायचं, त्यामुळं घरात सगळे खूश. मार्चचं बिल आलं तेव्हा महिन्याला १८० युनिटांचं आमचं घर ४०० च्या पुढं गेलं होतं, आणि ३०० ओलांडल्यावर वरचा दर लागतो तो वेगळाच. फोन केला तर म्हणाला, नवीन मशीनमधला गॅस सेट व्हायला दोन महिने लागतात. एप्रिलच्या बिलाला इंधन समायोजन आकाराचं कारण दिलं. मे महिन्यात फोन बंद. राजारामपुरीतल्या त्याच्या गाळ्याचं शटर खाली होतं. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, भाड्यानं घेतला होता, सोडून गेले.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात भाचा घरी आला. तो उद्यमनगरात एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. बाहेर झोडपून पाऊस. मशीन चालू होतं, पंखा फिरत होता. त्यानं पंख्यासमोर हात धरला आणि मला म्हणाला, "मामा, तुम्ही पण हात लावून बघा की." हवा नुसतीच हवा होती, बाहेर होती तेवढीच. मग तो खाली वाकला आणि पाणी निथळायची पांढरी नळी उचलून मला दाखवली. तिच्या तोंडाला कोळ्यानं जाळं विणलं होतं. जाळ्यावर धूळ बसलेली, कुठं ओलीचा डाग नाही.

त्यानं समजावलं ते मी आज भेटेल त्याला सांगतो. हीट पंप चालताना त्याची आतली जाळी थंड होते, म्हणून पंख्यातून गार हवा यायलाच हवी. आणि कोल्हापूरच्या पावसाळी हवेत त्या गार जाळीवर पाणी सुटणारच, थंडगार तांब्याला बाहेरून सुटतं तसं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत नळी कोरडी राहू शकते. भर पावसात तासभर चालून कोरडी राहिली तर कॉम्प्रेसर काम करत नसण्याचीच शक्यता जास्त.

त्यानं वायरला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीतून किती वीज जाते ते मोजायचा चिमटा, लावला. मशीनच्या पाटीवर ९०० वॅट लिहिलेलं, म्हणजे चार अँपिअर. काटा ८.९ वर. त्या रात्री घरातलं सगळं बंद करून, फ्रिजसुद्धा, आम्ही गार पाण्यापासून टाकी तापवली. मी मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो. पावणेचार तास, ७.६ युनिटं. दोन-सव्वादोनात भागायला हवं होतं.

सकाळी झाकण उघडलं. कॉम्प्रेसर होता, पण त्याच्या वायरींची टोकं काळ्या टेपनं गुंडाळून बाजूला खोचलेली. गॅस फिरायची तांब्याची नळी चिमटून बंद केलेली. सगळं काम टाकीतली, साध्या गिझरमध्ये असते तशी, दोन किलोवॅटची कॉईल करत होती. (चांगल्या मशीनमध्येही मदतीला कॉईल असते, तेवढ्यावरून संशय घेऊ नका.) सिरीयल नंबरच्या स्टिकरखाली दुसरं स्टिकर होतं. ते मी रागाच्या भरात ओरबाडून काढलं, फोटो काढण्याआधी. तसं करू नका. झाकण उघडण्यापूर्वीपासून व्हिडिओ काढा, मशीन भंगारात देऊ नका.

माझे पैसे गेले ह्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. मार्चमध्ये, पहिलं बिल यायच्या आधी, मी कळंब्याच्या साडूंना हेच मशीन घ्यायला सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी भाच्याला घेऊन पावसात त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चहाला बसा म्हटलं, मी आधी मागच्या दारी गेलो. नळी कोरडी. साडू मागं येऊन उभे राहिले होते. "पाव्हणं, तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं," एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडं बघवलं नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आणि आता दोघं मिळून जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. साडूंनी सगळी रक्कम यूपीआयनं दिली, त्यामुळं त्यांचा पुरावा पक्का आहे. माझ्या ५६,००० रुपयांचा कागद नाही.

हीट पंप ही वस्तू वाईट नाही. आमच्याकडं थंडीतही हवेत ओढण्याइतकी उष्णता असते, मोठ्या कुटुंबाला तो परवडतो. फक्त जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घ्या, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी दुकानदारासमोरच टाकी गारपासून तापवून मीटरचं रीडिंग लिहा. नकार दिला तर उठून या.

त्या प्रदर्शनात किंवा घरपोच येऊन कुणी असं मशीन विकलं असेल, तर बिलाची वाट बघू नका. पाऊस पडत असेल तेव्हा मशीन तासभर चालवा आणि नळीखाली एक वाटी ठेवून बघा.