सिलिकॉन जेल शीट, चार महिन्यांनंतर: वण बसला, कोपरे उठले

वणावर चिकटवायच्या या शीटला जूनमध्ये दोन तारे दिले होते. आता साडेतीन. उरलेला दीड तारा निव्वळ कोपऱ्यांपायी कापलाय.

वापर सायलेन्सरच्या चटक्याच्या वणावर. बाइक चालवणाऱ्याच्या मागे बसणाऱ्याच्या उजव्या पोटरीला मिळणारी ठरलेली भेट ती. ओल्या जखमेवर शीट लावायची नाही. कातडी पूर्ण धरेपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, व्हॅसलिन आणि रोज बदललेली पट्टी. खपली वाळवत बसलं की जखम उशिरा भरते आणि वण उठण्याची शक्यता वाढते.

आता हिशेब. वण 2 × 5 सेंमी, चारही बाजूंना 1 सेंमी जास्त, म्हणजे तुकडा 4 × 7. 12 × 15 च्या शीटमधून असे सहा निघतात. प्रत्येक दोन आठवडे टिकला तर तीन महिने एकाच पाकिटात भागतात, आणि निदान तेवढे तरी लागतातच. पावसाने हा हिशेब मोडला. दमट हवेत आठवडाभरात कोपरे उठतात, त्यांना पँटची लव चिकटते, तुकडा संपला! पाकिटावरच्या चित्रात चौकोनी तुकडा आहे, घोळ तिथेच. कात्रीने कोपरे गोल कापा, मग उठायला टोकच उरत नाही. हे कारखान्यातच करायला काय जातं?

मत बदललं ते या कात्रीमुळे आणि धुण्यामुळे. रोज कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, साबण पुरता काढायचा, चिकट बाजू वर ठेवून हवेत वाळवायची. टॉवेल नको. खोबरेल किंवा पावडर लावलेल्या कातडीवर ती धरतच नाही.

पहिल्या दिवशी चार तास, मग वाढवत दिवसाला किमान बारा. पुरळ आलं तर बहुधा अडकलेला घाम: दोन दिवस सुट्टी, नंतर फक्त रात्री.

औषध यात काही नाही. वणातला ओलावा टिकतो, त्यामुळे कोलॅजन (कातडीतलं तंतूंचं प्रथिन) साचणं मंदावतं, एवढंच. लाल, उंच वण मऊ आणि सपाट होतो, काळा डाग मात्र हिने जात नाही. त्याच्यासाठी एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, नाहीतर लांब पँट. लिंबू चोळू नका, उलट जास्त काळं पडेल.

वण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरू लागला तर तो केलॉइड. दुसरं पाकीट घेण्यापेक्षा ते पैसे त्वचारोगतज्ज्ञाला द्या, तिथे ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं चार-सहा आठवड्यांच्या अंतराने देतात.

वाकणाऱ्या गुडघ्यासाठी शीट घेऊच नका. तिथे ट्यूबमधलं जेल, पातळ, दिवसातून दोनदा, आणि वाळायला पाच मिनिटं.