ऑडॅसिटीचं लाउडनेस नॉर्मलायझेशन: निवेदनाला उत्तम, हलगीला जपून

कोल्हापुरातल्या तालीम मंडळाच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग म्हटलं की दुखणं ठरलेलं. निवेदक ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच हलगी-घुमकं कानठळ्या बसवतं. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजमापही नेमकं करतं. पण सगळा भार त्यातल्या 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' या एका इफेक्टवर टाकू नये.

इफेक्ट मेनूत 'व्हॉल्यूम अँड कॉम्प्रेशन'खाली 'नॉर्मलाइझ'सुद्धा आहे. त्याच्या नादी लागू नका. ते फक्त सर्वांत उंच पीक (आवाजाचं क्षणिक टोक) बघतं, आणि हलगीची एक थाप आधीच वर पोचलेली असली की निवेदन आहे तिथंच राहतं. 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' कानाला जाणवणारी पातळी एलयूएफएस या एककात मोजतं. तिथला मूळचा −२३ हा आकडा युरोपातल्या प्रसारणाचा आहे. मोबाइलवर ऐकायच्या बोलण्याला −१६ बरा. मोनो (एकाच चॅनेलची) फाइल असेल तर 'ट्रीट मोनो अ‍ॅज ड्युअल मोनो'ची खूण काढू नका, नाहीतर दोन स्पीकरवर ती ३ डीबी (डेसिबल) जास्त वाजेल.

निवेदन आणि वादन एकाच ट्रॅकवर ठेवून इफेक्ट लावला तर अख्ख्या ट्रॅकला एकच वाढ मिळते, दोघांतली दरी तशीच राहते. आधी तुकडे करा, मग एकेक निवडून इफेक्ट लावा.

खरी गोम पुढं आहे. हलगीचा तुकडा −२४ एलयूएफएसवर आणि त्याचं पीक −४ डीबीवर आहे असं धरा. −१६ वर आणायला ८ डीबी वाढवावे लागतात, म्हणजे पीक +४ वर जातं. इफेक्ट अडवत नाही. ३२-बिट फ्लोट या साठवणीत ० डीबीच्या वरचा आवाजही टिकतो, त्यामुळे प्रोजेक्टमध्ये काही बिघडत नाही, पण १६-बिट वेव्ह फाइल काढली की थाप फाटते. त्यामुळं शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीवरची टोकं दाबणारा इफेक्ट) −१ डीबीवर हवाच; एमपी३ काढायची असेल तर −१.५, कारण त्या रूपांतरात पीक पुन्हा थोडं वर सरकतं. मात्र इथं लिमिटरनं ५ डीबी कापले तर हलगीचा कडकपणाच जातो, पत्र्याचा डबा बडवल्यागत वाटतं. वादनाचे तुकडे सरळ −१९ वर ठेवा. निवेदनापेक्षा ३ एलयू (एलयूएफएसमधल्या फरकाचं एकक) खाली असले तरी हलगी काही लपत नाही.

एक उणीव खटकते: इफेक्टच्या खिडकीत आधीची पातळी किती होती ते दिसत नाही. 'शो क्लिपिंग' चालू ठेवून आवाज कुठं फाटतोय ते दाखवणाऱ्या लाल रेघा तेवढ्या बघता येतात.