कॅच कॅनसोबत दहा महिने: दोन ट्रॅक डे, आंबा घाट आणि रत्नागिरीचा पावसाळा

कॅच कॅन म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसमधलं तेल अडवून साठवणारा डबा. गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. १ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन एवढं पुरे. अशा सगळ्याच गाड्यांना हे थोड्याफार फरकाने लागू आहे. गाडी रत्नागिरीत असते, ५८ हजार किलोमीटर झालेत. वर्षातून दोनदा ती हजारेक किलोमीटर तुडवत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर ट्रॅक डेसाठी जाते. ट्रॅक साधारण २.१ किलोमीटरचा. वळण संपतंय तोवर पुढचं समोर, इंजिनाला उसंत म्हणून नाही.

सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीपासून झाली. गेल्या वर्षी ट्रॅकवर एका सेशननंतर बॉनेट उघडलं, तर डिपस्टिक बोटभर वर उचललेली आणि आजूबाजूला तेलाचे ओघळ. ऑइल जास्त भरलंय म्हणावं तर पातळी खुणेच्या आतच होती. मग आतला दाब जातोय कुठे, हा प्रश्न आला.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागात) झिरपतोच, नव्या इंजिनातही. टर्बो गाडीत त्याला बाहेर पडायला दोन वाटा असतात. गाडी आरामात चालत असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम असतो, तो गॅस ओढून घेतो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब तयार होतो, तिथला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारा) बंद होतो आणि गॅस दुसऱ्या होजमधून टर्बोच्या तोंडाशी जातो. दोन्हीकडे सोबत तेलाचं धुकं जातं. ते इंटरकूलरमध्ये (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या भागात) चिकटतं, पेट्रोलचा ऑक्टेन दर्जा खाली ओढतं, मग नॉकिंगच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याच्या, भीतीने ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचतो तो वेगळाच.

मी काय केलं? सगळे करतात तेच. हे धुकं अडवायला ऑनलाइन कॅच कॅन म्हणून दोन हजारांचा निळा चकचकीत डबा मागवला. उघडून बघितला तर आत काही नाही, नुसता पोकळ डबा. ना बॅफल (गॅसची वाट अडवणारे पत्रे), ना जाळी. शहाणपणा करून आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. महिनाभरात ती खाऱ्या हवेने आणि वाफेने तांबूस भुगा झाली. तो भुगा टर्बोच्या पात्यांपर्यंत गेला नाही हे माझं नशीब. हा प्रयोग कृपा करून कुणी करू नका.

शेवटी आमचे मेस्त्री म्हणाले, "आधी दाब मोजूया की! डबा काय, नंतर लावू." त्यांनी गवंड्याची पाणसळ आणली. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पट्टीवर बांधली, अर्धी पाण्याने भरली, एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवलं आणि नळी बॉनेटच्या फटीतून गाडीत घेतली. पहाटे रिकाम्या रस्त्यावर भाचा डाव्या सीटवर पट्टी धरून बसला. आयडलला पाणी इंजिनाच्या बाजूला तीन-चार सेंटिमीटर ओढलं गेलं, म्हणजे ठीक. तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि पाणी ३० सेंटिमीटरच्या वर उसळून थेट भाच्याच्या पँटवर. घरी गेल्यावर त्याला माझ्या बहिणीला समजावून सांगावं लागलं.

दोषी निघाला तो मॅनिफोल्डकडचा चेक व्हॉल्व्ह. तो गळत होता, त्यामुळे बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरत होता. कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर तीच चाचणी पुन्हा केली तर पाणी सहा-सात सेंटिमीटरवर आलं. म्हणजे निम्म्याहून जास्त आजार एका साध्या स्पेअर पार्टने गेला. लीकडाउनही (सिलिंडरमधून हवा किती गळते ती चाचणी) करून घेतलं, तिन्ही सिलिंडर १० टक्क्यांच्या आत. रिंगा झिजल्या असतील तर कितीही मोठा डबा लावा, तो फक्त लवकर भरेल.

मग दसऱ्याला खरं काम केलं. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून ७५० मिलीचा ॲल्युमिनियमचा डबा बनवून घेतला, आत तिरके बॅफल आणि स्टेनलेसची वेल्ड केलेली जाळी, तळाला कॉक. होज १९ मिलिमीटर आतल्या व्यासाचा. बारीक होज म्हणजे गॅसचाच गळा दाबणं. हा बसल्यावर पाणसळीत पाणी जेमतेम दोन सेंटिमीटर चढतं. पहिल्यांदा मी दिसायला छान म्हणून निळा सिलिकॉन होज घेतला होता. दोन महिन्यांत तो बाहेरून तेलकट घामाने ओला. आता नायट्रिलचा काळा होज आहे. डब्यातून गॅस परत टर्बोकडेच जातो, हवेत सोडत नाही. काही जण सोडतात, त्यांच्या गाडीत बसलं की तळणीचा वास येतो. शिवाय रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ते कायद्यातही बसत नाही.

नोव्हेंबर आणि फेब्रुवारी, दोन्ही ट्रॅक डेला डिपस्टिक जागची हलली नाही. २० मिनिटांच्या चार सेशनमध्ये डब्यात साधारण ६० मिली, जवळपास शुद्ध काळपट ऑइल. लांब वळणात तेल एका बाजूला चढतं आणि ब्रीदरमधून (गॅस बाहेर पडायच्या वाटेतून) बाहेर ढकललं जातं, म्हणून ऑइल दोन खुणांच्या मध्यापेक्षा किंचित वर, पण वरच्या खुणेच्या खालीच ठेवतो.

एक गोष्ट मात्र घाटाने शिकवली. कोल्हापूरहून येताना आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरलो, साखरप्याला येऊन पुन्हा वेग घेतला तर आरशात निळसर धूर. ट्रॅकवर एकदाही नाही आणि इथे? थ्रॉटल बंद, आरपीएम वर, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जबरदस्त. आणि माझा डबा होता फक्त टर्बोकडच्या वाटेवर. घाट दुसऱ्या वाटेने तेल ओढत होता. मार्चमध्ये त्या वाटेवर दुसरा छोटा डबा लावला, तेव्हा धूर थांबला. बहुतेक व्हिडिओ या दुसऱ्या वाटेबद्दल बोलत नाहीत. बनवणाऱ्यांना रोज घाट उतरायचा नसतो.

आणि पावसाळा. जूनपासून डबे धडाधड भरायला लागले. जुलैत ८०-९० मिली, तेही ट्रॅकला न जाता. घाबरून बाटलीत काढून ठेवलं, तर खाली पाणी आणि वर घुसळलेल्या ताकासारखं पिवळट काहीतरी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बरंचसं सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांमधून झिरपणाऱ्या गॅसबरोबर (ब्लो-बाय) खाली येतं. माझा डबा बंपरच्या मागे थंड हवेत, आणि गाडी दिवसभर बाजार, शाळा, बाजार. इंजिन नीट तापायच्या आत बंद. मग वाफ डब्यातच गार होणार. हे पाणी डब्यात आलं म्हणून बरंच. पण डब्यातलं परत संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) सोडायची नळी असते, ती इथे लावू नये. पावसाळ्यात मी दर १५ दिवसांनी कॉक उघडतो. एरवी महिन्याने चालतं.

खाऱ्या हवेचा हिशेब वेगळा: साध्या लोखंडी क्लॅम्प चार महिन्यांत गंजून तुटल्या, आता सगळ्या स्टेनलेसच्या. ब्रॅकेटचा रंगही एकदा काढून पुन्हा मारला.

फसलेल्या प्रयोगांसकट खर्च साडेबावीस हजार. ट्रॅकवर जात नसाल तर यातला चेक व्हॉल्व्ह तेवढा तपासून घ्या, बाकी पैसे टायरमध्ये घाला. गेल्या आठवड्यात बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) इनटेक व्हॉल्व्ह बघितले. दसऱ्याला साफ करून घेतले होते. आता त्यांच्यावर पुन्हा पातळ काळा थर आहे. आधीपेक्षा कमी वेगाने साचतोय, पण साचतोय. मेस्त्री म्हणाले, "अजून वर्षभर हात नको लावायला."