कोणावर डीएनए खर्च करू नये: ‘जुरासिक वर्ल्ड अलाइव्ह’मधील सर्वांत कमी उपयोगाचे प्राणी

‘जुरासिक वर्ल्ड अलाइव्ह’ हा डायनासोर जमवून त्यांना लढवण्याचा, २०१८ मध्ये आलेला मोबाइल गेम खेळायला लागल्यावर पहिले काही आठवडे प्रत्येक नवा प्राणी हवाहवासा वाटतो. नकाशावर दिसला की ड्रोन सोडायचा, डार्ट मारायचे, डीएनए जमवायचा आणि पुरेसा झाला की लगेच लेव्हल वाढवायची, हा क्रम अंगवळणी पडतो. पुढे लेव्हलगणिक कॉइनचा खर्च वाढत जातो आणि एक दिवस हव्या त्या प्राण्यासाठी कॉइनच उरलेले नसतात. तेव्हा संग्रह उघडून पाहिला, तर बराचसा खर्च ज्यांना टीममध्ये जागाच नाही अशा प्राण्यांवर झालेला दिसतो. या टप्प्यावर आलेल्या खेळाडूने कोणाला पुढे न्यावे आणि कोणाला आहे तिथेच सोडावे, एवढ्याच प्रश्नापुरता हा आढावा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दुबळा प्राणी आणि निरुपयोगी प्राणी यांत फरक आहे, आणि माझ्या मते बहुतेक क्रमवाऱ्या इथेच चुकतात. प्राण्याच्या पानावरचे जीव, वार आणि वेग यांचे आकडे पाहून खालून पाच नावे काढणे सोपे आहे. पण त्या पाचांपैकी दोन-तीन प्राणी गेममधल्या सर्वांत बलाढ्य हायब्रिडचे, म्हणजे दोन प्राण्यांच्या डीएनएपासून बनणाऱ्या प्राण्याचे, जन्मदाते असू शकतात. म्हणून मी तीन गोष्टी पाहिल्या आहेत: लढाईत तो स्वतः काय करतो, त्याच्यापासून पुढे काय बनते, आणि तेच काम त्याच्याहून स्वस्तात करणारा दुसरा कोणी संग्रहात आहे का. आकडे अपडेटगणिक बदलतात. या तीन प्रश्नांची उत्तरे त्या मानाने टिकतात.

टीममध्ये ८ प्राणी असतात, त्यांतले ४ लढाईच्या वेळी आपोआप निवडले जातात आणि प्रतिस्पर्ध्याचे ३ प्राणी आधी पाडणारा जिंकतो. याचा अर्थ टीममधला प्रत्येक प्राणी सरासरी निम्म्या लढायांत समोर येणारच. एक नग कुचकामी असेल, तर दोनांतल्या एका लढाईत आपण प्रत्यक्षात तिघांनिशीच उतरतो. असे दोन नग असतील, तर शंभरांतल्या सुमारे ७९ लढायांत त्यांपैकी किमान एक तरी हातात येतो. ‘एखादा कच्चा असला तर काय बिघडते’ हा विचार या गेममध्ये महागात पडतो तो यामुळे.

माझ्या क्रमवारीत सर्वांत तळाला आहे तो कॉमन, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या, वर्गातला असा प्राणी, ज्याच्यापासून कोणतेही हायब्रिड बनत नाही आणि ज्याच्या चालींत साध्या वारापलीकडे फारसे काही नाही. इथे मी मुद्दाम एकच नाव घेत नाही, कारण एखाद्या अपडेटमध्ये त्याला हायब्रिड मिळाले की तो एका दिवसात तळातून वर येतो. हे स्वतः तपासणे मात्र अगदी सोपे आहे. प्राण्याचे पान उघडावे आणि त्याच्यापासून बनणाऱ्या हायब्रिडचे चित्र तिथे आहे का ते पाहावे. चित्र नसेल आणि तसाच वार करणारा दुसरा कॉमन आपल्याकडे वरच्या लेव्हलवर असेल, तर तो प्राणी निर्माण झाल्यावर जिथे आहे तिथेच ठेवावा. कॉमन प्राणी निर्माण करायला फक्त ५० डीएनए लागतो, त्यामुळे संग्रह पूर्ण करण्याची हौस भागते. त्यापुढचा प्रत्येक कॉइन वाया जातो.

त्याच्या जरासा वर मी ड्रॅकोसेराटॉप्सला ठेवतो. ड्रॅकोरेक्स जेन २ आणि ट्रायसेराटॉप्स जेन २ (जेन २ म्हणजे त्याच प्राण्याची दुसरी आवृत्ती) यांच्यापासून बनणारा हा हायब्रिड एकेकाळी अनेकांच्या टीममध्ये असे, आणि समोरच्या टीममध्ये दिसला की खेळाडू वैतागत असत. त्याचे सामर्थ्य एकाच गोष्टीत आहे: दुसऱ्या प्राण्याच्या जागी उतरताक्षणीच तो वार करतो. प्रतिस्पर्ध्याचा थोडासाच जीव उरला असेल, तर हा आत येतो आणि त्याला संपवतो. पण त्यानंतर तो मैदानात उरतो तो जवळजवळ हात बांधलेल्या अवस्थेत. जीव बेताचा, पुढचे वार सामान्य. पुढच्याच वळणावर तो पडतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक गडी जमा होतो. जो प्राणी एकाच चालीवर उभा आहे, त्याची किंमत त्या चालीच्या आकड्याएवढीच असते. तो आकडा अपडेटमध्ये खाली आला, की हातात काहीच उरत नाही. आधीपासून वरच्या लेव्हलवर असेल तर टीममध्ये राहू द्यावा. नव्याने वाढवायला घेऊ नये.

तिसरा क्रमांक अनेकांना पटणार नाही, कारण तो अपॅटोसॉरसचा आहे. पहिल्या काही रिंगणांत या प्राण्याएवढा भरवशाचा गडी नाही. जीव प्रचंड, आणि समोरचा दमेपर्यंत उभे राहण्याची तयारी. मीही त्याला बराच काळ टीममध्ये ठेवले होते. माझे मत ज्या लढाईमुळे बदलले ती थोडक्यात सांगतो. समोर एक चपळ मांसाहारी होता. वेग त्याचा जास्त, म्हणून पहिला वार त्याचा, आणि तो रक्तस्राव घडवणारा होता. माझ्या अपॅटोसॉरसने उलट वार केला, तो लागलाही. वळण संपताना त्याच्या जीवाच्या पट्टीतून एक मोठा तुकडा गेला, पुढच्या वळणाला तेवढाच दुसरा. या चालीचे नुकसान प्राण्याच्या एकूण जीवाच्या टक्केवारीत मोजले जाते, त्यामुळे जीव दुप्पट असता तरी तो तेवढ्याच वळणांत संपला असता. ज्या एका गुणासाठी मी त्याला जपत होतो, तोच त्या चालीपुढे शून्य ठरला.

२०२० मध्ये फिअर्स, कनिंग आणि रेझिलियंट असे लढण्याच्या शैलीचे वर्ग आल्यावर हा हिशेब आणखी नेमका झाला. कनिंग फिअर्सवर भारी, फिअर्स रेझिलियंटवर आणि रेझिलियंट कनिंगवर. फिअर्स प्राणी ढाली आणि चिलखत भेदतात, रेझिलियंट समोरच्याचा वेग काढून घेतात, कनिंग त्याच्या वाराची धार कमी करतात. या चक्रात निव्वळ जाड कातडीच्या आणि संथ प्राण्याला वाव राहतो तो केवळ त्याच्याकडे जीवाशिवाय आणखी एखादी कामाची चाल असेल तरच. अपॅटोसॉरसला पूर्ण तळाला न टाकण्याचे कारण एकच: नोडोसॉरसबरोबर त्याच्यापासून नोडोपॅटोसॉरस बनतो. म्हणजे लढवय्या म्हणून नाही, तर घटक म्हणून त्याचा डीएनए जमवत राहावा.

आता उलट बाजू पाहू. आकड्यांवर आधारित क्रमवारीत वेलोसिरॅप्टर बहुधा खालच्या भागात दिसेल. वेग आणि वार चांगले, पण जीव इतका कमी की एखादा नेमका वार त्याला पुरतो. तरीही या संपूर्ण गेममध्ये त्याच्याइतका उपयोगी कॉमन मला दुसरा माहीत नाही. टी. रेक्स आणि वेलोसिरॅप्टर मिळून इंडोमिनस रेक्स बनतो; इंडोमिनस आणि पुन्हा वेलोसिरॅप्टर मिळून इंडोरॅप्टर बनतो. एकाच वंशावळीत दोनदा लागणारा हा प्राणी आहे, आणि दोन्ही वेळा मुबलक लागतो.

किती लागतो याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येईल. इंडोमिनससारखा लेजंडरी, म्हणजे दुर्मिळ वर्गातला, प्राणी निर्माण करायला २०० डीएनए लागतो आणि इंडोरॅप्टरसारख्या त्याहून दुर्मिळ युनिकला २५०. एका फ्यूजनमधून, म्हणजे दोन जन्मदात्यांचा डीएनए एकदा एकत्र करण्यातून, १० पासून १०० पर्यंत कितीही मिळू शकतो, पण बहुतेक वेळा पडद्यावर १० किंवा २० हाच आकडा उमटतो. दर वेळी १० च मिळाला, तर इंडोमिनससाठी २० फ्यूजन आणि इंडोरॅप्टरसाठी २५. शिवाय इंडोरॅप्टरच्या प्रत्येक फ्यूजनमध्ये इंडोमिनसचा डीएनए खर्च होतो, तो पुन्हा वेलोसिरॅप्टर वापरूनच बनवावा लागतो. त्यामुळे दिसेल तिथे वेलोसिरॅप्टरवर ड्रोन सोडावा, हा सल्ला मी नव्या-जुन्या प्रत्येक खेळाडूला देतो.

मात्र इथेच एक असा खर्च होतो जो अतिशय समंजस दिसतो. लेव्हल वाढवायला आणि फ्यूजन करायला लागणारा डीएनए एकाच साठ्यातून जातो. लेजंडरी हायब्रिडसाठी जन्मदाते १५ व्या लेव्हलवर असावे लागतात आणि युनिकसाठी २० व्या. म्हणजे वेलोसिरॅप्टर २० व्या लेव्हलवर पोचला, की त्याच्याकडून जे मिळायचे त्याची सर्व दारे उघडली. त्यापुढे २१ वी, २२ वी लेव्हल घेणे म्हणजे इंडोरॅप्टरचा कच्चा माल एका नाजूक कॉमनच्या अंगावर घालणे होय. २० व्या लेव्हलपर्यंतचा वेलोसिरॅप्टर आणि त्यापुढे ओढलेला वेलोसिरॅप्टर यांची तुलना करायची झाली, तर दुसऱ्याला मी निःसंकोचपणे ड्रॅकोसेराटॉप्सच्याही खाली ठेवेन. क्रमवारी केवळ प्राण्याच्या नावावर नव्हे, तर त्याच्या लेव्हलवरही ठरते ती अशी.

गॅलिमायमसची गोष्ट याच जातीची, फक्त लहान प्रमाणावर. वेग भरपूर, वार किरकोळ. लढाईत तो पहिला हात चालवतो आणि त्यातून फारसे निष्पन्न होत नाही. पण मोनोलोफोसॉरसबरोबर त्याचा मोनोमायमस होतो, आणि हवा तेवढा गॅलिमायमस सहज जमवता येतो. हायब्रिडसाठी लागेल तेवढाच वाढवावा आणि टीममध्ये घेऊ नये, एवढे त्याच्यासाठी पुरे.

डायनोकायरसबद्दल मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते. १९६५ मध्ये मंगोलियात या प्राण्याचे सुमारे २.४ मीटर लांबीचे हात सापडले आणि पुढे जवळपास अर्धशतक त्याबाबत हातांपलीकडे फारसे काही ठाऊक नव्हते. बाकीचे शरीर कसे होते याचे सविस्तर वर्णन २०१४ मध्ये आले. इतक्या विलक्षण प्राण्याला गेममध्ये कॉमन वर्गात पाहून मला खरोखर वाईट वाटते. त्याचे आकडे मध्यम आहेत, टीमच्या आठांत त्याला ओढूनताणून बसवावे लागते. पण डायलोराकायरस या हायब्रिडसाठी तो हवाच, म्हणून त्याला मी खालच्या तिघांत धरत नाही. ज्यांना तो हायब्रिड बनवायचा नाही त्यांच्यासाठी तो अपॅटोसॉरसच्या शेजारी बसतो.

हाच प्रश्न ‘जुरासिक वर्ल्ड: द गेम’ या २०१५ च्या गेममध्ये विचारला, तर उत्तरे बदलतात, आणि दोन्ही गेम खेळणाऱ्यांची इथे गल्लत होते. तिथे लढाईनंतर प्राण्याला विश्रांती घ्यावी लागते, त्यामुळे बलाढ्य प्राणी थकलेले असताना दुबळेच कामाला येतात. शिवाय दुबळ्या प्राण्याला पुढे करून गुण साठवता येतात. तो पडला तरी साठवलेले गुण मागून येणाऱ्याच्या हाती लागतात. तिथे निरुपयोगी ठरते ती अर्धवट राहिलेली जोडी. ४० व्या लेव्हलचा प्राणी हवा असेल, तर त्याच प्राण्याचे ८ नग जमवून ते टप्प्याटप्प्याने एकत्र करावे लागतात, आणि हायब्रिडसाठी दोन्ही जन्मदाते ४० वर लागतात. सात नगांवर थांबलेला संग्रह तिथे तीन नगांपेक्षा फारसा उपयोगी नाही. ‘अलाइव्ह’मध्ये मात्र डीएनए थोडाथोडा साठतो आणि कुठेही अडकून पडत नाही, म्हणून तिथे न वाढवता साठवून ठेवणे हा नेहमीच एक चांगला पर्याय असतो.

राहिला टी. रेक्स. त्याला या यादीत पाहून कोणालाही आश्चर्य वाटेल, पण निर्णय करणाऱ्याची सर्वांत मोठी ओढाताण त्याच्याबाबतच होते. तो एपिक, म्हणजे कॉमनपेक्षा बराच दुर्मिळ, वर्गातला आहे, क्वचित दिसतो, त्याचा वार भीषण आहे आणि वेग कमी असल्यामुळे तो वार करण्याआधी त्याला बहुधा एक तडाखा खावा लागतो. १५ व्या लेव्हलवर नेल्यावर त्याच्या डीएनएचे दोन रस्ते फुटतात: त्यालाच मोठा करत नेणे किंवा इंडोमिनससाठी फ्यूजन करणे. वेलोसिरॅप्टरचा साठा मोठा असेल, तर दुसरा रस्ता धरावा आणि टी. रेक्सला १५ वर थांबवावे. वेलोसिरॅप्टर हाताशी नसतील, तर फ्यूजनचा विचारच फोल आहे; मग टी. रेक्सलाच वाढवून टीममध्ये घ्यावे, कारण अशा संग्रहात त्याच्याइतका जोरकस वार दुसऱ्या कोणाकडे असण्याची शक्यता कमीच.